‘पियानो गातो’ हे वाक्य खोटं कधी ठरेल? रे चार्ल्सच्या एका न गायलेल्या अल्बमबद्दल

मागच्या काही लेखांत आपण गृहीतक म्हणजे काय, चल कसे ओळखायचे, साहित्याचा आढावा कसा घ्यायचा यावर बोललो. आज मी एका जुन्या जॅझ अल्बमवर लिहिते आहे. ‘हिला प्रबंध लिहायचा कंटाळा आला वाटतं,’ असं म्हणाल, तर ते थोडंसं खरं आहे. पण या अल्बमने मला माझ्या प्रबंधातली एक चूक दाखवली. तुम्ही पेट झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा हीच चूक तुमच्याकडूनही होण्याची दाट शक्यता आहे.

आधी चूक सांगते. माझा अभ्यास आठवडी बाजारांवर आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं, ‘आठवडी बाजार हा गावाचा श्वास आहे.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, ‘हे वाक्य खोटं कधी ठरेल?’ मला उत्तर देता येईना. ‘मग हे विधान नाही, कौतुक आहे,’ त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

त्या रात्री मी हा अल्बम लावला. कामातून डोकं काढण्यासाठी लावला होता, पण डोकं तिथेच परत आलं.

अल्बम कोणता?

‘द ग्रेट रे चार्ल्स’. ॲटलांटिक या कंपनीने तो १९५७ मध्ये काढला, ध्वनिमुद्रण १९५६ चं. मूळ तबकडीवर आठ रचना आहेत आणि एकाही रचनेत रे चार्ल्स गात नाही. फक्त पियानो वाजवतो.

हे विचित्र का वाटतं? तर रे चार्ल्स म्हटलं की आपल्याला आवाजच आठवतो. १९३० साली जॉर्जियात जन्म, बालपण फ्लोरिडात, सातव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेलेली. सेंट ऑगस्टीनच्या अंध-बधिरांच्या शाळेत तो ब्रेलमधून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकला. सुरुवातीला तो नॅट किंग कोलसारखं गायचा आणि त्याच्यासारखंच वाजवायचा. मग १९५४ च्या शेवटी ‘आय गॉट अ वुमन’ आलं. गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची चाल घेऊन त्यावर प्रेमाचे शब्द बसवलेले. पुढे ज्याला सोल म्हणू लागले त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत हे धरतात. १९५५ मध्ये ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

म्हणजे आवाज नुकताच सापडला होता, लोक तो ऐकायला गर्दी करत होते आणि अशा वेळी हा माणूस तोंड मिटून आठ रचना वाजवतो. त्याला एक व्यावहारिक बाजू आहे. त्या काळी ऱ्हिदम अँड ब्लूज मुख्यतः एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्यांवर खपायचं. एलपी घेणारा जॅझचा श्रोता वेगळा होता. ॲटलांटिकमध्ये जॅझ आणि एलपी यांचं काम नेसुही एर्टेगन बघत होते. या अल्बमने रे चार्ल्सला त्या दुसऱ्या श्रोत्यापुढे उभं केलं.

आणि नावातच ‘द ग्रेट’! निष्कर्ष मुखपृष्ठावर, पुरावा आत. असे प्रबंध तुम्हीही पाहिले असतील.

सगळे म्हणतात ते वाक्य

अशा अल्बमबद्दल ऐकणारे हमखास एक वाक्य बोलतात, ‘तो गात नसला तरी त्याचा पियानो गातो.’ मीही हे वाक्य दोन-तीन मित्रांना मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. मॅडमच्या पेन्सिलीनंतर मात्र ते बोचायला लागलं. ‘पियानो गातो’ खोटं कधी ठरेल? पियानो कसा वाजला तर आपण ‘नाही, इथे गात नाहीये’ असं म्हणू?

आपल्याकडे याला चांगला शब्द आहे. सतार किंवा बासरी ‘गायकी अंगाने’ वाजवली, असं आपण म्हणतो. त्या शब्दामागे निदान काही खुणा आहेत: मींड आहे का, श्वासाच्या जागी थांबणं आहे का, बंदिशीचे शब्द जणू उच्चारले जातात का. पियानोची पंचाईत अशी की पेटीसारखीच त्याला मींड येत नाही. पट्टी दाबली की सूर ठरलेला. (आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागच्या आक्षेपांतला हा एक होता.) ब्लूज वाजवणारे यावर एक तोड काढतात. बोट काळ्या पट्टीवरून शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर निसटू देतात. दोन सूर इतके जवळ वाजतात की कानाला सूर वाकल्यासारखा वाटतो. रे चार्ल्स हे सर्रास करतो. पण ते त्या काळचे कितीतरी ब्लूज वादक करायचे, त्यातले कित्येक गायक नव्हते. म्हणजे ही खूण चालणार नाही. ती ‘ब्लूज वाजवतो’ इतकंच सांगते.

मग मी वेगळी खूण शोधली, आणि ती शोधायला त्याच्या गायलेल्या गाण्याकडे गेले.

तुलनेसाठी एक गायलेलं गाणं

१९५६ चंच ‘ड्राउन इन माय ओन टिअर्स’ ऐका. अगदी संथ. आवाज एक छोटी ओळ म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात पियानो दोन-चार सूर टाकतो. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. चर्चमध्ये प्रवचनकार बोलतो आणि समुदाय हुंकार देतो, तसं हे हाक आणि प्रतिसादाचं नातं आहे. आवाज हाक देतो, पियानो प्रतिसाद.

आता प्रश्न नेमका झाला. आवाज काढून घेतला तर हाक कोण देतं? पियानो हाकेच्या जागी सरकतो, की आपल्या जुन्या जागी बसून प्रतिसादच देत राहतो? याचं उत्तर ऐकून देता येतं आणि मुख्य म्हणजे ते ‘नाही’ येऊ शकतं.

मी वहीत तीन रकाने आखले: धून कोणाकडे आहे, ओळ कुठे थांबते, त्या थांबण्यात कोण बोलतं. आठही रचना या रकान्यांनी दोनदा ऐकल्या. यात काही भारी नाही, तुम्हीही एका संध्याकाळी करू शकता.

काय ऐकू आलं

या अल्बममध्ये दोन प्रकारचे वाद्यसंच आहेत. काही रचनांत दोन ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स असा सात जणांचा संच. काहींत फक्त तिघे: पियानो, बास, ड्रम्स.

आधी तिघांच्या रचना. ‘ब्लॅक कॉफी’ हे मुळात गायचं गाणं. सारा वॉन आणि पेगी ली यांनी ते त्याआधीच लोकांच्या कानात बसवलं होतं. इथे शब्द नाहीत. उजवा हात धून सांगतो, पण सरळ नाही. थोडी सांगतो, अडखळल्यासारखं करतो, थांबतो. आणि त्या थांबण्यात खालच्या पट्ट्यांतून जाडसर स्वरसमूह येतात. म्हणजे हाकही तोच देतो आणि प्रतिसादही तोच. ‘स्वीट सिक्स्टीन बार्स’ ही त्याची स्वतःची रचना. ब्लूजचं नेहमीचं आवर्तन १२ बारचं असतं, इथे नावाप्रमाणे १६ चं. त्या जास्तीच्या जागेत तो घाई करत नाही. मला अल्बममधली ही सर्वांत चांगली रचना वाटते. ‘ड्राउन इन माय ओन टिअर्स’ ऐकून लगेच ही ऐकली, तर एक माणूस दोन खुर्च्यांवर आलटून पालटून बसतोय असं वाटतं.

इथपर्यंत माझं आवडतं वाक्य टिकलं. मी खूश.

मग सात जणांच्या रचना. पहिलीच, ‘द रे’, क्विन्सी जोन्सची. रे आणि क्विन्सी यांची सिएटलमध्ये विशीच्या आतच मैत्री झाली होती. रचना नेटकी आहे, पण हाक ट्रम्पेट-सॅक्सोफोनांकडे आहे. हॉरेस सिल्व्हरचं ‘डूडलिन’ सुमारे सहा मिनिटं चालतं आणि त्यातही धून फुंकवाद्यांची. डेव्हिड न्यूमनचा सॅक्सोफोन पुढे येतो, तेव्हा मला वाटलं, अरे, रे चार्ल्सचा आवाज इकडे गेला! तीच लाडीगोडी, तेच ओळीच्या शेवटी जरा खरखरीत होणं. आणि पियानो? तो मागे बसून साथ करतो, उत्तरं देतो. आपल्या जुन्याच जागी.

तिसरा प्रकार ‘अनडिसायडेड’, चार्ली शेव्हर्सची धून. इथे लय जलद आहे आणि पियानोला एकट्याने बोलायला जागा मिळते. पण जलद लयीत ते थांबणंच नाहीसं होतं. सूर धावतात, बोटं स्वच्छ चालतात, आणि हा पियानो त्या काळच्या आणखी पाच-सहा चांगल्या वादकांचा असू शकला असता. मला तरी यात रे चार्ल्स असा वेगळा ऐकू आला नाही. बड पॉवेलसारख्या वादकाकडे जलद लयीत जो धोका पत्करणं असतं, ते इथे नाही.

म्हणजे ‘त्याचा पियानो गातो’ हे आठही रचनांबद्दल खरं नाही. माझ्या रकान्यांतून निघालेलं वाक्य असं आहे: संथ लयीत आणि छोट्या संचात रे चार्ल्सचा पियानो हाक आणि प्रतिसाद या दोन्ही जागा घेतो, मोठ्या संचात तो हाक दुसऱ्याला देतो, जलद लयीत ही रचनाच विरते.

पहिल्या वाक्याइतकं हे गोड नाही. कोणाला ऐटीत ऐकवता येणार नाही. पण हे चूक ठरवता येतं. उद्या तुम्ही मला सांगू शकता, ‘अमुक रचनेत तिसऱ्या मिनिटाला बघ, तुझं म्हणणं पडतं.’ आणि मला ते ऐकावं लागेल.

थांबा, घाई नको

आता तुम्ही परीक्षक व्हा आणि माझ्या वाक्यावर हल्ला करा. मला सुचलेले तीन हल्ले सांगते.

पहिला: छोट्या आणि मोठ्या संचात फरक फक्त संख्येचा आहे का? नाही. तिघांच्या रचनांत बासवर ऑस्कर पेटिफर्ड आहे, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात वाजवलेला, त्या पिढीतला अव्वल बासवादक. सात जणांच्या संचात बास दुसऱ्याकडे, ड्रम्सवरही दुसरा माणूस. शिवाय मी ज्यांवर भर दिला त्या तिघांच्या रचना संथ आहेत. मग पियानो ‘दोन खुर्च्यांवर’ बसतो तो संच लहान म्हणून, लय संथ म्हणून, की खाली पेटिफर्डसारखा भक्कम आधार म्हणून? या अल्बमवरून मी हे वेगळं करू शकत नाही. तीन चल एकत्र बदलले आहेत. प्रबंधात हे कबूल करायला आपण घाबरतो. घाबरू नका. न कबूल केलेलं परीक्षक शोधतोच.

दुसरा: मला कोण वाजवतंय हे माहीत होतं. ‘रे चार्ल्स’ हे नाव कानाआधी पोचलं होतं. म्हणून मी रूममेटला नाव न सांगता दोन रचना ऐकवल्या. ‘स्वीट सिक्स्टीन बार्स’ ऐकून ती म्हणाली, ‘चर्चमध्ये वाजवणारा कोणीतरी असेल.’ ‘अनडिसायडेड’ ऐकून म्हणाली, ‘मोठ्या हॉटेलात जेवताना वाजतं तसं.’ एका माणसाचं मत म्हणजे पुरावा नव्हे. पण कुठे पुन्हा कान द्यायचा, एवढं त्यावरून कळलं.

तिसरा हल्ला मला सर्वांत जड गेला. ‘आवाज पियानोत उतरला’ असं म्हणताना आपण क्रम गृहीत धरतो: आधी आवाज, मग पियानो. पण रे चार्ल्स अगदी लहान असताना ग्रीनव्हिलच्या रेड विंग कॅफेत वायली पिटमन नावाच्या माणसाच्या पियानोपाशी बसून वाजवायला शिकला. आणि ज्याला आपण ‘त्याचा आवाज’ म्हणतो तो १९५४ च्या आसपास सापडला, या ध्वनिमुद्रणाआधी जेमतेम दोन वर्षं. मग पियानोनेच आवाजाला काही शिकवलं नसेल कशावरून? किंवा लहानपणी चर्चमध्ये ऐकलेल्या हाक-प्रतिसादातून दोन्ही वेगवेगळे आले असतील. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे एकीतून दुसरी आली असं होत नाही. हे सांख्यिकीच्या तासाला आपण सगळ्यांनी लिहून घेतलेलं असतं, पण आवडत्या वाक्याच्या बाबतीत सोयीने विसरतो.

खणात राहिलेल्या रचना

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

१९५६ च्या त्याच ध्वनिमुद्रणांतल्या सगळ्या रचना १९५७ च्या अल्बममध्ये आल्या नाहीत. उरलेल्या १९६१ मध्ये ‘द जीनियस आफ्टर अवर्स’ या नावाने आल्या. तोवर ‘व्हॉटड आय से’ आणि ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ येऊन गेले होते आणि रे चार्ल्सचं नाव सर्वत्र झालं होतं. म्हणजे १९५७ चा अल्बम हा कोणीतरी निवडलेला नमुना आहे. फक्त त्यावर निष्कर्ष काढणं म्हणजे फक्त छापून आलेले निबंध वाचून साहित्याचा आढावा संपवणं.

मी उरलेल्याही ऐकल्या. त्यातलं ‘द मॅन आय लव्ह’ तिघांच्या संचातलं आहे आणि माझ्या वाक्याला ते बऱ्यापैकी धरून आहे. पण ‘म्युझिक! म्युझिक! म्युझिक!’ हेही तिघांचंच. ते १९५० सालचं एक खट्याळ लोकप्रिय गाणं. तिथे हाक-प्रतिसादाची गंभीर बैठक मला सापडली नाही. तिथे तो चक्क मजा करतोय. संच लहान, तरी माझी अट पुरी होत नाही. वाक्य पुन्हा आखडलं.

(ऐकताना सांभाळा: काही सीडी आवृत्त्यांत दोन्ही अल्बमच्या रचना एकत्र केलेल्या आहेत. आधी मूळ आठ कोणत्या ते बघून घ्या. आवृत्ती न तपासता उद्धृत करायचं नाही, हा नियम गाण्यांनाही लागू आहे.)

इथे मला माझा खण आठवला. बाजारात घेतलेल्या मुलाखतींपैकी एक मी ‘नंतर बघू’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली होती. सुकी मासळी विकणाऱ्या एक मावशी होत्या. ‘बाजाराबद्दल काय वाटतं?’ या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या होत्या, ‘काय वाटायचंय? उधारी इथंच फिटते म्हणून येते. दुसरीकडे फिटली तर कोण येतंय उन्हात बसायला.’ ‘गावाचा श्वास’ या वाक्याशेजारी हे ठेवता येईना, म्हणून मी तेच बाजूला ठेवलं. वाक्य ठेवलं, मावशींना काढलं.

आता उलट केलंय. तिसरं प्रकरण मावशींच्या उत्तराने सुरू होतं. विधान असं झालंय की ज्या विक्रेत्यांची उधारी बाजारातच फिरते, ते नफा कमी झाला तरी बाजार सोडत नाहीत. हे खोटं ठरू शकतं. पुढच्या महिन्यात मी आणखी दोन गावांत जाणार आहे आणि कदाचित तिथे ते पडेलही. पडलं तर तीन महिन्यांचं काम पुन्हा. भीती वाटते, पण मॅडमनी या वेळी पेन्सिल उचलली नाही.

मग अल्बम ऐकायचा का?

जरूर. थोर आहे का? अर्धा. ‘ब्लॅक कॉफी’ आणि ‘स्वीट सिक्स्टीन बार्स’ या दोन रचनांसाठी मी तो पुन्हा पुन्हा लावेन. ‘डूडलिन’ न्यूमनसाठी ऐका. ‘अनडिसायडेड’ एकदा ऐकलं तरी चालेल. मुखपृष्ठावरच्या ‘ग्रेट’ या शब्दाने तुमचं ऐकणं आधीच ठरवून टाकू नये, एवढंच.

आणि एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं तुम्हाला सर्वांत आवडतं वाक्य काढा आणि त्याखाली लिहा: हे खोटं कधी ठरेल? उत्तर सुचलं नाही, तर ते वाक्य वहीत जपून ठेवा, प्रबंधात नको.

पुढच्या लेखात मुलाखतीचे प्रश्न कसे तयार करायचे ते बघू. भेटूच.